सिद्धेश्वरापुढच्या चिठ्ठ्या

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ जून १९७६

चि. दाक्षायणीस, तुझ्या अज्जाचा आशीर्वाद.

हे तिसरं पत्र. आधीची दोन लिहून ट्रंकेत ठेवली, टपालपेटीत टाकायचा धीर झाला नाही.

मॅट्रिक झाल्यावर तू मिरजेला नर्सिंगला जाते म्हणालीस, मी डी.एड. कर म्हणालो. वाद मिटेना, तेव्हा सिद्धेश्वरापुढे चिठ्ठ्या टाकू, असं मीच सुचवलं. तू हसलीस, "चालंल की अज्जा. देव काय तुमच्या पार्टीचा हाय व्हय?"

बाई, दोन्ही चिठ्ठ्यांवर मी डी.एड.च लिहिलं होतं. तू एक उचललीस, वाचलीस आणि माझ्या हातात दिलीस. दुसरी मी टोपीत लपवली.

परक्यांची सेवा आपल्या घराण्याला शोभत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर तू गेल्यावर माझ्या डोळ्यांत औषध कोण घालणार, एवढीच भीती होती. शेवटी शिक्षिकेच्या नोकरीसाठी तू अकलूजला गेलीसच.

परवा आलीस, तेव्हा सगळे सिद्धेश्वराच्या देवळात निघाले. तू म्हणालीस, "तुमी जावा. माझं आन् त्याचं बोलणं बंद हाय." सगळे हसले. मी तुला नास्तिक म्हणालो.

पोरी, अबोला धरायचा तर माझ्याशी धर. त्याला निवडायला मी काही ठेवलंच नव्हतं.

तुझा अपराधी,
वीरभद्रप्पा