दुसरी सही

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? फोनवर तू ‘बरा आहे’ म्हणतोस तेव्हा तो बरा नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. इकडे आम्ही दोघं ठीक.

लॅबमधून निवृत्त झाल्यापासून मला करमत नव्हतं, म्हणून मोठ्या बाईंनी एक नाद लावलाय. मोठ्या बाई म्हणजे लॅबमधल्या माझ्या वरिष्ठ, तू त्यांना पाहिलं आहेस. संगणकावर दीर्घिकेचा फोटो येतो. तिच्या केंद्रावर ठिपका द्यायचा, मधे पट्टा असेल तर त्याच्या कडेने रेघ काढायची, बाहेर वळत गेलेल्या भुजा माउसने गिरवायच्या. एकच फोटो पंधरा जणांकडे जातो आणि कुणी कुणाचं बघायचं नाही. मग सगळ्यांच्या रेघा एकावर एक ठेवून खरं काय ते शास्त्रज्ञ ठरवतात. तुझे मेहुणे म्हणतात, “घरातली जळमटं दिसत नाहीत आणि निघाली आकाश तपासायला!”

तर बाई रोज सकाळी फोन करतात. आम्हा दोघींना फोटोंचा एकच गठ्ठा मिळालाय. “बारावा उघडलास? तीन भुजा आहेत बघ.” मी तीन काढते. परवा एका फोटोत खाली डावीकडे मला चौथी दिसली, अगदी पुसट. बाई म्हणाल्या, “छे गं, काही नाही तिथे.” मी काढलेली रेघ खोडली.

काल त्या शास्त्रज्ञांची मेल आली. तुम्हा दोघींचं काम इतकं जुळतं की कौतुक वाटतं, म्हणे. बाई खुशीत होत्या. “जुळणारच! तीस वर्षांची सवय आहे आपली.” दादा, मी उठून बेसिनपाशी गेले. त्या मेलची किळस आली, बाईंच्या हसण्याची आली, आणि माउस धरणाऱ्या माझ्या हाताची सगळ्यात जास्त.

कारण लॅबमध्येही हेच चालायचं. पेशंटच्या पेशींची प्रत्येक स्लाइड दोघींनी वेगवेगळी बघायची, म्हणून रिपोर्टवर दोन सह्या. बाई आधी बघायच्या. त्यांनी ‘नॉर्मल’ लिहिलं की मी सही ठोकायची. गठ्ठा मोठा असला की स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचीसुद्धा नाही.

वहिनीची स्लाइड मी बघितली नव्हती.

नाव वाचलं होतं. आपल्याच वहिनीचं म्हणून उलट आनंद झाला, की चांगली बातमी मीच देणार. आठवतं, मी फोन केला होता? “वहिनी, सगळं छान आहे, आता वर्षभर दवाखान्याचं तोंड बघू नका.” आणि तिने ऐकलं माझं. पुढे त्रास सुरू झाला तेव्हा तू मागे लागलास, तरी म्हणायची, “वन्संनी स्वतः तपासलंय.” आठ महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात नेलंस, तोवर हाताबाहेर गेलं होतं.

ती गेल्यावर मी ती स्लाइड काढून बघितली. शोधावं लागलं नाही. त्या कॅन्सरच्या पेशी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसल्या असत्या. स्लाइड परत जागेवर ठेवली, हात धुतले आणि तेराव्याच्या तयारीला तुझ्याकडे आले. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास, “मीच उशीर केला गं.” मी तुझी पाठ थोपटत राहिले. त्या थोपटण्याची मला आज शिसारी येते.

सहा वर्षं तू तेच म्हणतोयस आणि मी ऐकून घेतेय. तू उशीर केला नाहीस. तिला थांबवलं ते माझ्या शब्दाने.

लॅबलाही आज असंच पत्र टाकलंय. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “आता कशाला उकरतेस?” मी फोन ठेवून दिला.

फोनवर मला हे सांगता आलं नसतं, तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोलले असते. रविवारी यायचं ठरलंय, पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही. तुला माझं तोंड बघवणार नसेल तर तेही बरोबरच आहे.

हे वाचेपर्यंत तरी तुझीच,
धाकटी