चाळिसावी प्लेट

आष्टी,
सोमवार, ता. १६ फेब्रुवारी १९३१

मौजे युसूफ वडगाव येथील शाळेचे मास्तर यांस,

सविनय नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. तिकडेही तसंच असेल असं धरून चालते.

धर्मराज भाऊजींनी तुम्हांला "आईचा हात गेला" एवढंच कार्ड टाकलं, हे मला काल कळलं. हात गेलेला नाही, मोडला होता. घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मंगळवारी, ता. ३ ला सकाळी मेंढ्या सोडताना एडक्यानं सासूबाईंना मागून धडक दिली. त्या उजव्या हातावर पडल्या.

२. शेजाऱ्यांनी हळद-चुना लावून कामट्या बांधल्या. बुधवारी हात कोपरापर्यंत सुजला.

३. गुरुवारी भाऊजींनी त्यांना कडा गावापर्यंत बैलगाडीनं आणि पुढे मोटारीनं नगरला आमच्या दवाखान्यात आणलं. त्या दिवशी एक्स-रेच्या खोलीत माझी पाळी होती.

४. मी पहिली प्लेट काढली. ती वाया गेली.

५. मनगटाला हळदीचा दोरा बांधला.

६. मग चांदीचा गोट आणि काचेच्या बांगड्या काढल्या.

७. दुसरी प्लेट चांगली आली. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी ते बसवून प्लास्टर घातलं. सहा आठवडे ठेवायचं आहे.

८. परवा शनिवारी मी त्यांना घेऊन आष्टीला आले. मला आठ दिवसांची रजा आहे.

तुम्हांला काळजी नको म्हणून एवढं पुरे होतं. पण चौथ्या कलमात चूक माझी आहे, तिचा खुलासा केला पाहिजे.

आमचा अभ्यास कसा असतो हे तुम्हांला मी कधी लिहिलं नाही. तुमच्या दोन पत्रांना मी एकच उत्तर दिलं, तेही चार ओळींचं. तर, तीन वर्षांत शरीररचना, आरोग्यशास्त्र, औषधं आणि शुश्रूषा यांच्या परीक्षा. पंचवीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं, प्रत्येकाची वहीत नोंद आणि मोठ्या सिस्टरची सही. शिवाय आमच्यापैकी दोघींना सहा महिने एक्स-रेची खोली. तिथं चाळीस प्लेटा डॉक्टरांनी पसंत केल्या पाहिजेत. वाया गेलेल्या प्लेटेची नोंद वेगळ्या वहीत, कारणासकट. सासूबाई आल्या तेव्हा माझ्या एकोणचाळीस झाल्या होत्या.

हाताची प्लेट काढताना अंगावर धातू राहू द्यायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. किरण हाडात थोडे अडतात, चांदीत पूर्ण अडतात. हे मी नव्या मुलींना शिकवते.

मी नाकातोंडाला फडकं बांधलं होतं. म्हटलं, "हात इथं सपाट ठेवा. हलवू नका."

"तू हाईस व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "थोबाडाला फडकं बांधलं म्हणून मी वळखायची न्हाई, असं वाटलं काय?"

"मी कामावर आहे."

"कर की काम. मी कुठं पळून चाललीय?"

मी गोटाला हात लावला, तसा त्यांनी मोडलेला हात छातीशी धरला. किती दुखलं असेल ते मला माहीत आहे. "माझा म्हातारा जित्ता हाय. सुवासिनीच्या हाताला हात घालू नगंस."

दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं. त्यांचं ऐकलं. तीन वर्षांपूर्वी मी नगरला निघाले, तेव्हा आम्हांला कोपराखाली काही घालायची परवानगी नाही हे कळल्यावर त्या जे म्हणाल्या ते तुम्हांला आठवत असेलच. "बोडका हात घेऊन ह्या दारात यायचं न्हाई." तुम्ही ओट्यावर उभे होता. तुम्ही काही म्हणाला नाही. ते राहू दे.

तर मी गोटासकट प्लेट काढली. प्लेटेवर जिथं हाड मोडलेलं, बरोबर तिथंच गोटाचा पांढरा पट्टा. वहीत कारण लिहिलं: "दागिना काढला नाही. चूक माझी."

मग मी फडकं सोडलं आणि त्यांना म्हटलं, हात क्षणभरही बोडका राहणार नाही. आधी दोरा बांधते, मग बांगड्या वाढवते. कासार बांगड्या भरायला येतो तेव्हा तुम्ही करता तसंच. त्यांनी हात पुढं केला. बांगड्या मी एकेक वाढवल्या. गोट सुजेमुळे निघेना, तो दवाखान्याच्या सुतारानं कानसून उघडला. दुसऱ्या प्लेटेवर दोरा उमटला नाही. किरण सुतातून सरळ जातात.

प्लेट पाहून सासूबाई म्हणाल्या, "आतलं हाड दिसतं आन् वरला दोरा दिसत न्हाई? मग आंधळंच म्हण की तुझं यंत्र."

डॉक्टरांना मराठी समजतं. ते खूप हसले आणि माझ्या वहीत सही केली. चाळीस.

वाया गेलेली प्लेट सासूबाईंनी मागून घेतली. गोट छान दिसतो म्हणून. येताना निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं पुडकं सोडलं, प्लेट उजेडात धरली आणि दोन पावलं मागं सरला.

"ये किसका हाथ है?"

"माझा हाय," सासूबाई म्हणाल्या. "आन् हाडावर करोडगिरी बसत न्हाई."

"और ये चांदी?"

"ती जाताना हातात होती, येताना गाठोड्यात हाय. फोटूतल्या चांदीचा कर घ्यायचा आसंल तर फोटूतलाच रुपया दीन."

शिपायानं पुडकं स्वतःच्या हातानं परत बांधून दिलं. आता ती प्लेट खिडकीत उभी केलेली आहे. दोन दिवसांत गल्लीतल्या सगळ्या बायका पाहून गेल्या. भिवराबाई आपलाही हात काढून दे म्हणून मागं लागली आहे. हात मोडलेला नाही, असं मी सांगितलं, तर म्हणते, "मग आदी मोडू का?" मामंजींनी एडका विकायला काढला होता. सासूबाईंनी विकू दिला नाही. म्हणतात, त्यानंच सुनेला घरी आणलं.

हा उल्लेख मी त्यांच्या शब्दांत केला आहे.

कड्याच्या पुढे गाडीत त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. आधी मामंजींचा खोकला सांगितला, मग मेंढ्यांची लोकर, मग म्हणाल्या:

"माझ्या गहिनीनं वडगावला खोली बांधलीय. शाळेच्या मागं. ऱ्हायला कुणी न्हाई तिथं. दार रस्त्याकडं काढलंय, आत लांब मेज केलंय, आन् चुना तर असा मारलाय की डोळं दिपत्यात. म्या इचारलं, कावून रं एवढा चुना? तर म्हनतो, दवाखान्यात आसतो तसा."

पुढच्या तासाभरात त्यांचं प्लास्टर दोनदा तपासलं. त्याला काही झालेलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. शेवटच्या परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. बारा रकाने आहेत. नाव, वय, गाव, बाळंतपणं पंचवीस, प्लेटा चाळीस, सगळं भरलं. दुसऱ्या रकान्यात तुमचं पूर्ण नाव मी माझ्या हातानं लिहिलं. आयुष्यात प्रथमच. राहिला अकरावा: "विवाहित असल्यास पतीची लेखी संमती, पतीने टाकले असल्यास तसे निवेदन." दोहोंपैकी एक हवंच, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. माझ्याबरोबरची छबू म्हणाली, "टाकलंय म्हणून लिही आणि मोकळी हो. तीन वर्षांत फिरकला का?" मी लिहिलं नाही. खोटं लिहायचं नाही आणि खरं काय ते मला माहीत नाही. ते तुम्हांला माहीत आहे.

पत्र इथं संपवणार होते. पण सासूबाई शेजारी बसून विचारत आहेत, "दोऱ्याचं लिव्हलंस का?" लिहिलं, म्हटलं. पाचवं कलम. "कुठून आला ते लिव्हलंस का?" नाही, म्हटलं. "मग मी धर्मराजाकडनं कार्ड टाकते. आन् त्याचं कार्ड कसं आसतं ते तुला म्हाईत हाय."

म्हणून लिहिते. एक्स-रेच्या खोलीत हळदीचा दोरा ठेवलेला नसतो. तो माझ्या दंडावरून सोडला. कोपराखाली काही घालायचं नाही असा नियम आहे, कोपराच्या वरचं कुणी लिहिलेलं नाही. नगरला पोचले त्या संध्याकाळी पहिला बांधला, नंतर दर पाडव्याला नवा. बाहीखाली असल्यानं आजवर कुणाला दिसला नव्हता. सासूबाईंनी मी तो सोडताना पाहिला. परवा घरात पाऊल टाकण्याआधी दारातच त्यांनी डाव्या हातानं माझ्या दंडाला दुसरा बांधला. गाठ मात्र त्यांना एका हातानं मारता येईना, दुसरं टोक मी दातांत धरलं.

सोबत संमतीचा कागद जोडला आहे. तो सही करून, किंवा सही न करता, पण परत पाठवावा. सही केलीत तर त्याच कागदाच्या मागं एवढं लिहावं: खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे, जमीन शेणाची आहे की धुता येईल अशी फरशी आहे, आणि विहीर किती पावलांवर आहे. पावलं तुमची मोजलीत तरी चालेल. तुमची पावलं माझ्यापेक्षा लांब पडतात, हे मी हिशेबात धरीन.

रविवारी मी नगरला परत जाईन. अर्ज ५ मार्चला पुढे जातो. तरी होळीच्या आत, म्हणजे सोमवार ता. २ मार्चपर्यंत, उत्तर नगरच्या पत्त्यावर पोचेल असं करावं, ही विनंती.

केशर