दोन ओठांची जोडणी आणि माझी इतर मिळकत

लिहून ठेवणार मी, वय एकाहत्तर, धंदा प्लास्टिकचे पाईप बनवणे, जो सध्या मला करू दिला जात नाही. बाजारात आणि नगरपालिकेत मला 'पाईपवाल्या बाई' म्हणून ओळखतात. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. इतकी, की काही माणसांना ती गैरसोयीची वाटते. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. रक्तदाब मात्र वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "बाई, दाब कमी करायला हवा." मी म्हटले, "गावभर दाब कमी करायच्या झडपा मी बसवल्या, स्वतःला एक बसवायची राहिली." ते हसले नाहीत. गोळ्या लिहून दिल्या.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा भुलवणीने लिहीत नसून वैतागून लिहीत आहे. वैताग म्हणजे दडपण नव्हे, असे वकिलांनी कायदा पाहून सांगितले आहे.

कलम १. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते मी आमच्या कंपनीतला गळती विभाग बंद होण्यापूर्वी केले होते. तेव्हा माझा माणसांवर विश्वास होता.

कलम २. खाली लिहिलेली सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. ती कशी झाली हे इथे लिहिण्याची गरज नाही असे वकिलांचे मत आहे. पण कंपनीच्या माहितीपत्रकात 'आमच्या दूरदर्शी संस्थापकांनी' एवढ्या एका ओळीत आमची बोळवण केली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या यजमानांचे नळ आणि लोखंडी पाईपांचे दुकान होते. लोखंड गंजायचे, गिऱ्हाईक परत यायचे आणि शिव्या देऊन जायचे. गंजणार नाही असा पाईप आपणच बनवू, हे मी म्हटले. गावाबाहेर एक पत्र्याची शेड घेतली आणि कोणीतरी भंगारात काढलेले यंत्र आणून बसवले. प्लास्टिकचे दाणे वितळवून नळीच्या आकारात बाहेर ढकलणारे ते यंत्र होते. पहिला पाईप निघाला तो काकडीसारखा वाकडा. यजमानांनी एका टोकाला डोळा लावला आणि म्हणाले, "यातून पाणी गेलं तर चक्कर येऊन पडेल." आम्ही दोघे जमिनीवर बसून हसलो होतो. त्या शेडमध्ये इतके नंतर कधी हसलो नाही.

गरम पाईप थंड करायला पाणी लागते. आम्ही टँकर मागवायचो, पाईपवरून पाणी सोडायचो आणि ते गटारात जायचे. एके दिवशी शेजारची शिवणकाम करणारी बाई रिकामी बादली घेऊन फाटकाशी उभी राहिली. "आमच्या नळाला थेंब नाही, आणि तुम्ही प्लास्टिकला आंघोळ घालता?" असे ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. यजमान चिडले. मला तिचे बोलणे पटले. मी दोन टाक्या बांधून घेतल्या. एकीतले गरम पाणी पत्र्यावरून पातळ धारेने उतरवायचे, निवले की दुसरीतून परत वापरायचे. टँकर जवळजवळ बंदच झाला. पाणी या विषयात मी डोके घातले ते तेव्हापासून. पाईप हे नुसते निमित्त.

कलम ३. ती शेड आजही माझ्या एकटीच्या नावावर आहे. तिच्यात माझ्या धाकट्या दिरांनी मोडकी कपाटे, दोन सोफे आणि चाके नसलेली मोटार ठेवली आहे. दीर कंपनीचे संचालक आहेत. प्रत्येक बैठकीत ते एकच शब्द बोलतात, "बघू." शेड कधी रिकामी करता, असे मी विचारले तेव्हाही "बघू वहिनी" म्हणाले. त्यांनी पुष्कळ बघितले. माझ्या मृत्यूनंतर महिन्याभरात त्यांनी आपले सामान न्यावे. न नेल्यास या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून वकिलांनी ते भंगारवाल्याला फुकट द्यावे. भंगारवाल्याने नकार दिल्यास त्याला वरखर्च द्यावा. रिकामी शेड माझ्या मुलीला मिळावी. तिने तिचे काय करावे ते पुढे लिहिले आहे.

कलम ४. राहते घर. खालचा मजला थोरल्या मुलाला आणि सूनबाईंना, वरचा मजला मुलीला. सूनबाईंविषयी माझी काही तक्रार नाही. त्या घरात सर्वांत कमी बोलतात आणि सर्वांत जास्त ऐकतात. घराला जिना एकच आहे आणि तो खालच्या बैठकीच्या खोलीतून जातो. दोघा भावंडांचे बोलणे बंद आहे. दुसरा जिना बांधायला माझी परवानगी नाही. बाहेरून लोखंडी शिडी लावली तर तो या कलमाचा भंग समजावा.

कलम ५. कंपनीतील माझे शेअर. हेच सर्वांना हवे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

यजमान गेले तेव्हा कंपनीचे तीन कारखाने झाले होते. थोरल्याने त्यांचे सात केले. माल विकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. उन्हात उभ्या माणसाला तो छत्रीच्या जागी पाईप विकेल. मुलगी इंजिनियर होऊन आली. तिचे म्हणणे, पाईप घालणे हे अर्धे काम, त्यातले पाणी शेवटच्या घरी पोचते का हे बघणे उरलेले अर्धे. मी तिच्या बाजूने होते, त्यामुळे कंपनीत गळती विभाग निघाला. माझी जोडणी तिथेच तयार झाली. पाईपला पाईप चिकटवला की जमीन जरा हलली तरी सांधा तडकतो. मी पाईपाचे तोंड फुगवून आत रबराचे कडे बसवले, त्याला दोन ओठ ठेवले. पाईप वाकला तर एक ओठ सुटतो, दुसरा धरून ठेवतो. बिघडले तर कडे बदलायचे, पाईप कापायचा नाही. तिचे पेटंट माझ्या नावावर आहे.

मग टेकडीवरच्या वस्तीचे काम आले. वस्ती गावाच्या नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला. तिथे पाणी चढतच नव्हते. नगरपालिकेने नवी मोठी लाईन आणि मोठा पंप घालायचे ठरवले. एवढी मोठी मागणी आमच्याकडे कधी आली नव्हती. थोरला आनंदात होता. मुलगी म्हणाली, "आधी आहे ते पाणी जातंय कुठे, ते शोधू या." तिने गावाचे भाग पाडले, प्रत्येक भागाच्या तोंडाशी मीटर आणि झडप बसवली. जितके पाणी आत जात होते त्यातले निम्मे एकाही घरात पोचत नव्हते. जमीनच पीत होती. तिच्या माणसांनी सांधे उघडले, माझी जोडणी बसवली. लोक पाणी वापरत नाहीत त्या वेळी झडपेने दाब उतरवला, म्हणजे जुने पाईप फुटणे थांबले. आणि जुन्याच लाईनीतून पाणी टेकडी चढले. शेवटच्या घरातल्या आजोबांनी नळ सोडला तेव्हा मी तिथे होते. त्यांनी नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. मग मला म्हणाले, "उद्यापण येईल ना?"

आले. रोज येते.

नवी लाईन लागलीच नाही. मागणी रद्द झाली. त्या दिवशी जेवताना थोरला म्हणाला, "आई, तू आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास. गळती थांबली तर पाईप कोण घेणार?"

"ज्यांच्याकडे अजून पाईपच नाहीत, ते घेतील," मुलगी म्हणाली.

"त्यांच्याकडे द्यायला काय आहे?"

"म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांचं पाणी सांडत राहू दे?"

"मी धंदा करतो, तू समाजसेवा कर. रबराची कडी विकून सात कारखाने चालत नाहीत."

पुढच्याच बैठकीत गळती विभाग बंद झाला, जोडणी बनवणे थांबले आणि तिचे साचे थोरल्याच्या कपाटात गेले. दिरांनी त्या दिवशी "बघू" म्हटले नाही. पहिला हात त्यांनी वर केला. मला मानद अध्यक्ष केले. मानद म्हणजे खुर्ची मऊ आणि टेबलावर कागद नाही. मुलीने राजीनामा दिला आणि दुसऱ्या गावच्या पाणीपुरवठ्यात नोकरी धरली. मी तिला म्हटले होते, "भांड. जाऊ नकोस." ती गेली. या गोष्टीचा मला थोरल्याच्या वागण्याइतकाच राग आहे, आणि तो या कागदावर राहावा. जे बरोबर असतात त्यांनी रुसून बसायचे नसते.

आणि त्या वर्षीच्या कंपनीच्या कॅलेंडरवर कोणाचे चित्र असावे? टेकडीवरच्या त्याच आजोबांचे, नळाशी! खाली छापले होते, 'थेंब न थेंब मोलाचा'. गळती विभागाच्या खोलीत तेव्हा कॅलेंडरांचे गठ्ठे ठेवले होते.

हे शेअर सगळे मुलीला द्यावेत असे माझ्या मनात होते. तिला फोन केला. ती म्हणाली, "नको आई. मला त्या बैठकीत पाऊल ठेवायचं नाही."

"नको ते तू नेहमीच सांगतेस. हवं काय ते सांग की एकदा."

मग म्हणाली, "जोडणी मोकळी कर. इथले कारागीर मला विचारतात, ते कडं कुठे मिळेल. मी काय सांगू? माझ्या भावाच्या कपाटात आहे?"

तेव्हा शेअरचे तीन सारखे भाग करून दोन थोरल्याला मिळावेत, कारण कारखाना चालवणे त्यालाच जमते आणि हजारभर घरे त्यावर चालतात, हे रागातही मला दिसते. तिसरा भाग कामगारांच्या संस्थेला मिळावा, म्हणजे बैठकीत हात वर करताना एक तरी माणूस समोर वेगळा बसलेला असेल. दिरांना काही नाही.

कलम ६. बँकेतील माझी सर्व शिल्लक मुलीने शेडमध्ये गळती शोधण्याचे काम शिकवण्यासाठी खर्च करावी. शिकायला येणाऱ्याचे शिक्षण विचारू नये, चिकाटी बघावी. भिंतीवर माझा फोटो लावू नये. लावायचाच तर यजमानांचा लावावा. ते फोटोत तरी हसरे आहेत.

कलम ७. मानद अध्यक्षांची मऊ खुर्ची दिरांना द्यावी. वर कलम ५ मध्ये 'काही नाही' लिहिले आहे, त्यात एवढी दुरुस्ती.

कलम ८. दोन ओठांच्या जोडणीचे पेटंट. माझ्या पश्चात त्यावरील हक्क सोडून द्यावा, म्हणजे ज्याला हवी त्याला ती बनवता येईल.

इथवर मसुदा झाला तेव्हा मी थोरल्याला बोलावले. माझ्यामागे वकिलाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेले बरे.

"आई, वाचून दाखवायला बोलावलंस की भांडायला?"

"दोन्ही. आधी वाचते."

जिन्याच्या कलमाला तो हसला. शेअरच्या कलमाला त्याने बोटांवर हिशेब केला. आठव्या कलमाला उठून उभा राहिला. "म्हणजे कोणीही उपटसुंभ उठेल आणि आपली जोडणी बनवेल?"

"तू बनवतोस का? कपाटात ठेवून बसला आहेस."

"समोरचा कारखानासुद्धा बनवेल!"

"त्याचं रबर चांगलं असेल तर बनवू दे."

तो खिडकीशी गेला. मला वाटले आता ओरडेल. पण तो अगदी हळू आवाजात बोलला, आणि ते मला जास्त लागले. "मृत्युपत्राला कोर्टात आव्हान देता येतं, आई. मी देईन असं नाही म्हणत. पण काका देतील. वर्षानुवर्षं चालेल ते. तू कशाला या वयात जिवाला त्रास करून घेतेस? निदान तू आहेस तोवर हात लावू नकोस. नंतरचं नंतर."

जाताना त्याने माझ्या गोळ्या घेतल्या का ते विचारले. तो वाईट मुलगा नाही. म्हणून तर जीव अधिक जळतो. वाईट असता तर मी कधीच मोकळी झाले असते.

तो गेल्यावर मी बसून राहिले. शेड रिकामी करायची ती नंतर, विभाग पुन्हा सुरू करायचा तो नंतर, आता जोडणीही नंतर. आणि त्या 'नंतर'ला मी असणार नाही, याच भरवशावर सगळे निवांत आहेत. मी वकिलांना परत बोलावले. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तयार आहे. सही करा, झालं."

मी विचारले, "हे आठवं कलम मी मरायची वाट न बघता करता येईल का?"

त्यांनी चष्मा काढला. "येईल. अर्ज करावा लागेल. पण मग मुलाला काय सांगाल?"

"तो विचारेल तेव्हा सांगेन."

पेटंट कचेरीत अर्ज केला, हरकतीची मुदत कोणी हरकत न घेता गेली, आणि हक्क सोडल्याचा कागद काल हातात आला. मुलीला फोन करून सांगितले. ती रडली, मग नाक पुसत म्हणाली, "कड्याचं माप पाठव." पाठवले.

सबब कलम ८ रद्द समजावे, कारण ते काम मी जिवंतपणी उरकले आहे. मेलेल्या बाईच्या सहीवर वाद घालता येतो. ज्याला या बाबतीत वाद घालायचा असेल त्याने येऊन माझ्याशी घालावा. मी घरीच असते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, तीन जागी खाडाखोड करून, राजीखुशीच्या जवळपास असलेल्या मनःस्थितीत लिहून ठेवले आहे.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: ९ फेब्रुवारी

(सही) पाईपवाल्या बाई

आमच्या समक्ष सही केली. सही करताना बाईंचा हात स्थिर होता, आवाज चढलेला होता.

साक्षीदार:
१. (सही) शेजारी, निवृत्त स्टेशनमास्तर
२. (सही) घरी येणाऱ्या परिचारिका