पाठीला मानवतील असे शॉक

१४ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार, आम्ही सगळे मजेत, तूही असशील, हे सगळं रीतसर लिहिलंय असं समज. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. पत्र मध्येच कट करता येत नाही, फार तर फाडशील.

आईचा गुडघा बरा आहे. वरच्या खोलीची गळती अखेर थांबली. आणि जीप विकलेली नाही. ते तुला कळलंच आहे म्हणा, म्हणून तर हा अबोला.

तू म्हणाला होतास, "बाबांना पुन्हा त्या खटाऱ्यात बसवलंस तर मला भाऊ म्हणू नकोस." तुझं काही चुकलं नव्हतं. पाठीच्या ऑपरेशननंतर त्यांना कुशीवर वळवायला तूच होतास, त्यांचं कण्हणं तू ऐकलंयस. पण तू नोकरीवर परत गेल्यावर ते खिडकीजवळच्या पलंगावर गप्प पडून राहिले, ते मी पाहिलंय. उभी हयात लोकांना जीपमधून डोंगरमाथ्यावर नेणारा माणूस, आणि चहा हवा का विचारलं तरी नुसती मान हलवायचा. सर्जन म्हणाले होते, "बसणं चालेल, आदळणं नाही." मी ते वाक्य धरून बसले. आदळणार नाही अशी जीप करायची आणि बाबांना एकदा माथ्यावर न्यायचं.

सुरुवातीलाच तोंडावर आपटले. दुकानदाराने चाकांचे धक्के झेलणारे सगळ्यात जाडजूड शॉक काढले, बाजूला गॅसचं वेगळं नळकांडं असलेले. "ताई, डोंगरात हेच टिकतात. बाकीची खेळणी." मीही भाळले. आपल्या मिस्त्रींनी ते बसवले, जीप दिसायला लागली झोकदार. मग परीक्षेसाठी आईला मागे बसवलं. तिची अट एकच: ती वाटेत विणणार आणि टाका सुटला की शॉक नापास. मी हसले. चढावरच्या पहिल्याच दगडांवर मागची चाकं अशी उडाली की सुई सीटखाली गेली. आई शांतपणे म्हणाली, "मला इथेच उतरव. मी चालत जाते."

कशीबशी तिची समजूत घालून परत आणलं. फाटकासमोरच्या गतिरोधकावरून जीप गेली आणि खिडकीतून आवाज आला. बाबांचा.

"मागून उड्या मारतेय. भरलेल्या गाडीचे शॉक लावलेत रिकाम्या गाडीला."

दादा, कित्येक महिन्यांनी ते आपणहून काही बोलले होते. मी इंजिन बंद करायचं विसरले.

त्यांचं बरोबर होतं. आम्ही शॉक निवडले ते जुन्या दिवसांतल्या जीपसाठी. मागे दाटीवाटीने गिऱ्हाईकं, टपावर सामान, पाण्याचे कॅन. आता बसणार होतो आम्ही तिघं. एवढ्याशा वजनाला ते शॉक दबतच नव्हते, दगडाचा धक्का जसाच्या तसा वर येत होता. मिस्त्रींनी त्याच जीपमध्ये अर्धं आयुष्य काढलंय, मी तर तिच्यातच वाढले, पण दोघांच्याही मनात ती अजून भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या पलंगाचं गॅरेज झालं. "मऊ घे, पण आखूड घेऊ नको. चाक खड्ड्यात उतरलं आणि शॉकची लांबी संपली की हिसका बसतो." मिस्त्री रोज चहाला हजर. नवे शॉक आले ते इतके सडपातळ की दुकानदाराला राहवेना. "ताई, लोक हसतील."

"हसू देत, तेवढीच करमणूक," मी म्हटलं.

त्या शॉकवर आईने चढभर बाही विणली. एक टाका सुटला, पण तो तिच्या मते शिंकेमुळे.

आता इतका वेळ टाळलेलं लिहिते. गेल्या रविवारी आम्ही बाबांना वर नेलं. सर्जनना विचारून, पट्टा बांधून, मुंगीच्या पावलांनी. मोठ्या दगडांच्या वळणावर मी सारखी आरशात त्यांचा चेहरा बघत होते. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? दगड बघ."

पोचलो, दादा. बाबा स्वतः दार उघडून उतरले, बॉनेटला टेकून उभे राहिले आणि खालची एकेक वाट आईला दाखवत सुटले. बडबड थांबेना. मला रडू फुटलं, ते मी लपवलंही नाही. जिंकलो रे आपण.

पण सांगायचं ते हेही नाही. निघताना बाबांनी माझ्यापुढे हात केला. किल्लीसाठी. सर्जनना हे विचारलं नव्हतं. आईकडे पाहिलं, तर ती मुकाट्याने मागे जाऊन बसली होती. मी किल्ली दिली. त्यांनी जीप खालपर्यंत आणली, आणि काय सुरेख आणली.

काल तपासणी झाली, पाठ ठणठणीत आहे. सर्जनना किल्लीचं सांगितलं तर माझ्यावर खेकसले, आणि मग बाबांना म्हणाले, "वरून काय काय दिसतं हो?"

तुला चिडायचं असेल तर खुशाल चीड, पण इथे येऊन, माझ्या समोर. बाबा फाटकाशी हॉर्न वाजवताहेत, उशीर केला तर मला सोडून जातील.

तुझी, आता ड्रायव्हरच्या शेजारी बसणारी,
धाकटी