चांदबीचा स्पीड

३ जून, मंगळवार
आजपासून गेम बनवणार. पक्कं. शिवराजनं पुण्याहून लॅपटॉप धाडलाय, शाळेतल्या पाटीएवढा. म्हणाला, आई, स्वस्तातला हाय, पण तुझा वेळ जाईल. माझ्याकडं वेळ कुटाय? लायब्ररीत बायकांचा कॉम्प्युटर क्लास केला तवा सर म्हणाले हुते, ठोकळ्याला ठोकळा जोडत गेलं की गेम हुतो. जेऊरच्या शाळेत सातवीपतूर मी तेच केलं. शेजारणीच्या पाटीवरचं बघून जोडत गेले, पास झाले.
दिवाळीपतूर माझा गेम जगभर.

६ जून
लॅपटॉप लहान म्हणजे कुटंबी बसून काम. घरात माझं ध्यान लागत न्हाय, लई शांतता. म्हणून पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि लॅपटॉप घालून स्टेशनावर जाऊन बसले. खोक्यावर आठ तास बॅटरी लिवलंय. दीड तासात ढप्प. तरी काम झालं. बाकड्यावरच्या एका बाईला सगळा गेम समजावून सांगितला. मधीच तिची गाडी आली.

१० जून
गेमचं नाव ठरलं. पाणी आलं, पळा.
आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिसांनी येतो, येळेचा पत्ता न्हाय. समोरची चांदबी कान लावून बसलेली असती. तिनं, विजू, पानी आया गे, म्हणून बोंब मारली की समदी गल्ली घागरी घेऊन पळती. तेच गेममदी. दोन बायका, दोन घागरी, एक नळ. खेळायला दोघी लागतात. एकीनं बाणाची बटणं दाबायची, एकीनं अक्षरांची. कीबोर्ड एवढासा की कोपराला कोपर लागणार. लागू दे.
विजयमाला, म्हंजे मी: हिरवं लुगडं, स्पीड आठ. चांदबी: गुडघा धरून लंगडती, स्पीड दोन. लई हुबेहूब जमलंय.

१३ जून
ओपनिंग केलं. ओट्यावर गल्लीतल्या धनलक्ष्मी, शरणम्मा आणि चांदबी. धनलक्ष्मी हसून हसून ओट्यावरनं पडायची राहिली. शरणम्मा म्हणाली, परत चालीव की गं तिला. मी परत परत चालवली. चांदबी बी हसली. मग म्हणाली, मैं ऐसी चलती क्या गे विजू? मी म्हणलं, ह्याच्यापेक्षा हळू, पण लॅपटॉपला तेवढं हळू जमंना. पुन्ना सगळ्या हसल्या. चांदबी चहा अर्धा ठेवून उठली. साखर कमी पडली असणार.
निकाल: हिट.

१५ जून, रविवार
शिवराजचा फोन. गेमचं सांगायला लागले तर म्हणाला, आई, पाहुणे आलेत, सांजच्याला लावतो. सांजच्याला त्याचं नेट गेलं असणार.
चांदबी चहाला आली न्हाय. कालबी न्हाय. हिट झाल्यावर टेस्टर लोकांचं असंच असतं.

१८ जून
चांदबी सुनेबरोबर रिक्षातनं चालली हुती, मांडीवर कपड्याची पिशवी. मी ओट्यावरनं हात केला. बघितलंच न्हाय. मोतीबिंदू. कवापासून सांगतीय, दाखव म्हणून.
लॅपटॉप म्हणतो जागा भरली, कायतरी काढा. शिवराजच्या लग्नाचा व्हिडिओ काढला. लग्न झालंय की.

२२ जून
पाणी येऊन गेलं. मला कळलंच न्हाय. कुणी हाक मारली न्हाय. दुपारी डोळा लागला, त्याला मी काय करू? धनलक्ष्मीकडनं दोन कळश्या आणल्या. ठराव: हितनं पुढं दुपारी झोपायचं न्हाय.

२३ जून
झोपले.

२५ जून
गेमला आवाज पायजे. खरा चांदबीचाच पायजे, पण तिचे भाव वाढलेत. मीच तिच्या आवाजात रेकॉर्ड केलं. आधी बारीक आला, म्हणून तिसऱ्या बारीला बेंबीच्या देठापासनं वरडले, विजू, पानी आया गे! समदी गल्ली घागरी घेऊन नळावर. नळ कोरडा. शरणम्मा मला कन्नडमदी बोलली, म्हणजे मनापासून बोलली. सगळ्या आल्या, एक चांदबी आली न्हाय. कान बी गेले वाटतं.
आवाज मातर झकास आलाय. सांजच्याला बसून चार-पाच बार ऐकला.

२८ जून
मार्केटचा विचार करून चांदबीचा स्पीड नऊ केला. माझ्यापेक्षा एक जास्त. लंगडणं काढून टाकलं. तेबी मार्केटसाठीच. दाखवायला तिच्या दारात गेले, जाताना वाटीभर साखर घेतली.
सून हुस्ना म्हणाली, मावशी, अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की. दवाखान्यातनं सरळ होटगीला नेलं, झीनतकडं. लेक हाय, करती. दिवाळीपतूर तितंच. समदी गल्ली दवाखान्यात बघून आली.
मी म्हणलं, मला न्हाय कुणी सांगितलं ते. हुस्ना खाली बघाय लागली. म्हणाली, अम्मीच बोली, विजूको नको बोलो, चलके दिखायेगी.
मी कशाला चालून दाखवीन?
दाखवलं असतं, पण थोडंच.

२ जुलै
पॅसेंजरनं होटगीला गेले. झीनतचं घर स्टेशनाला लागून, हिरवं दार, फलाटावरच्या बाकड्यावरनं दिसतं. आधी गेम नीट चालतोय का बघावं म्हणून बाकड्यावर बसले. चालतोय. परत बघितला. चालतोय. मग बॅटरी संपली. आता बंद डबडं घेऊन दारात कसं जायचं? आल्या गाडीनं परत आले. चार्जर घरी राहिला, न्हायतर गेलेच असते.
घरी येऊन पिशवी रिकामी केली. चार्जर भाकरीखाली हुता.

५ जुलै
पाणी आलं. खरंखुरं. पहिल्यांदा मीच ऐकलं, मीच वरडले. एक दार उघडलं न्हाय. हुस्ना खिडकीतनं म्हणाली, मावशी, बंद करा की तो लॅपटॉप.
एकटीनं भरलं.
दुपारी गेम खेळले, दोन्ही हातांनी. उजवा हात मी, डावा चांदबी. नऊचा स्पीड लई झाला. बटण दाबलं की ती नळ सोडून पार पडद्याबाहेर जाती, परत येत न्हाय. कडंला भिंत कशी घालायची, सरांनी सांगितलं हुतं. आठवंना.
स्पीड परत दोन केला. लंगडणं बी घातलं. हळू का हुईना, नळापतूर तरी येती.
मी कवाच पोचलीय. घागर खाली ठेवून उभी हाय.