मामीने विचारलेला शब्द

मखमलाबाद, नाशिक
५ ऑगस्ट २०२४

चि. वेदिकास,
छायामामीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. फोनवर बोलले की तुझे मामा खाटेवरून सगळं ऐकतात, म्हणून हा खटाटोप. लकव्याला सात महिने झाले, उजवा हात अजून हलत नाही. रोज दुपारी त्यांच्या बोटांत सुई धरवून मी झेंडूची माळ ओवते. बोटं त्यांची, जोर माझा. ती वेडीवाकडी माळ बाजारात कोण घेणार? मग उसवून परत ओवते.

काल मामांना दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टर माळेचं ऐकून म्हणाले, की हे फ्युटाइल आहे. शेखरला विचारलं, तर म्हणाला, आई, जाऊ दे. तू पुण्यात इंग्रजी शिकतेस, अर्थ कळव. माझं चुकत असेल तर मला कळायला नको का?

तुझी मामी

पुणे, १२ ऑगस्ट

ती. सौ. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बघायला अख्खं होस्टेल जमलं! फ्युटाइल म्हणजे ज्याचं फळ उशिरा मिळतं असं काम. माळ अजिबात सोडू नकोस. मामांना म्हणावं, दिवाळीला दाराला तोरण तुमच्याच हातचं हवं.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी वेदिका

मखमलाबाद, २ सप्टेंबर

चि. वेदिकास,
आशीर्वाद, पण आधी तुझा कान पिळायचाय.

चार-पाच दिवसांपूर्वी मी डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, की आमचं फ्युटाइल झकास चाललंय, अजून दोन वर्षं चालवू. ते शेखरकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर शेखरने खरा अर्थ सांगितला. कितीही राबा, उपयोग शून्य.

लय राग आला गं तुझा. रिक्षात रडले. दोन दिवस सुईला हात लावला नाही. तिसऱ्या दुपारी मामांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला. डॉक्टर तो शब्द बोलले तेव्हा ते समोरच होते. बारावी झालेला माणूस, त्यांना तेव्हाच कळलं असणार. तरी महिनाभर रोज हात पुढे करत होते, माझ्यासाठी.

हात बरा होणार नाही, हे आता दोघांनाही ठाऊक आहे. माळ चालू आहे. तुझ्यावर माया तेवढीच आहे, पण यापुढे मला खरं लिहीत जा.

तुझीच,
मामी