घरी इंग्रजीच बोला

तीर्थरूप आईले हिंगण्याहून भारतीचा दंडवत.

आम्ही बरे आहो. यांची कंपनीतली शिफ्ट सकाळची झाली. कृतिका डबा पूर्ण खाते, तिची काळजी करू नको. तुह्या गुडघ्याचं कसं आहे?

कृतिकाच्या शाळेच्या मॅडमनं सांगतलं, घरी पोरीसोबत इंग्रजीच बोला, नाहीतर मागं पडन. मले कुठं येते इंग्रजी? म्हणून पंधरा दिवस झाले, मी तिच्याशी बोलतच नाही, हातानं दाखवते. काल तिले तहान लागली, तं तिनंही नुसतं ग्लासाकडं बोट केलं. मले भेव लागून राहिलं वं आई.

बाजूची नुजहत उर्दू शाळेत दहावी शिकली, तिची पोरंही इंग्रजी शाळेत, तिच्या घरीही हेच. तिची फुफू, म्हणजे आत्या, कराचीले राहते. नुजहत म्हणते, तिथं उर्दू देशाची भाषा आहे, तरी साहेबाचे कागद इंग्रजीत अन् मोठ्यायची पोरं इंग्रजी शाळेत. मंग आपल्या बोलीले कोण विचारते?

मॅडमनं आपली बोली मायबापालेच मना केली, आजीचं नाव नाही घेतलं. तू महिनाभर राहाले ये. तू तिच्याशी बोलजो, मी बाजूले बसून ऐकीन.

तुही वाट पाहणारी,
भारती